तारीख टळल्यावर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतला भातशेतकरी पावसाळ्याच्या तयारीला थंडी सरता सरताच लागतो. झोडणी आटोपलेली असते, खळं मोकळं झालेलं असतं. मग रानात जाऊन ऐनाची टाहळ तोडायची, पालापाचोळा गोळा करायचा, शेण वाळवायचं. हे सगळं रोपाच्या जागेवर थरावर थर रचायचं, वरून बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्यात वारा पडलेला बघून पेटवून द्यायचं. यालाच राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तण कमी उगवतं, राखेवर रोप जोम धरतं. मृगाचा पाऊस आला की त्याच जागेत भात पेरायचं. फेब्रुवारीत टाहळ तोडणाऱ्याने जून येणार हे गृहीत धरलेलं असतं.

१९६२ च्या फेब्रुवारीत मात्र देशभरातले कितीतरी ज्योतिषी सांगत होते, की जून येण्याची खात्री धरू नका.

त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत मकर राशीत अष्टग्रही होती. रवी, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू हे सात आधीच तिथे जमले होते. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस राहतो. तो ३ तारखेला मकरेत आला आणि आठ जण पुरे झाले, ५ तारखेला तो बाहेर पडला की योग संपणार होता. भरीला पौष अमावस्या आणि सूर्यग्रहणही. ग्रहणाची खग्रास अवस्था दिसणार होती ती न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागराच्या बाजूला, पण पंचांगात ग्रहण लिहिलेलं होतं आणि भीतीला तेवढं पुरे होतं. भूकंप होतील, समुद्र आत येईल, महायुद्ध पेटेल, प्रलय होईल, असं ज्याला जे सुचेल ते भाकीत फिरू लागलं. महाराष्ट्राच्या मनात पानशेत ताजं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणं फुटून पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, त्याला सात महिनेही झाले नव्हते. एकदा घडलेलं पुन्हा घडेल, असं वाटायला लोकांकडे कारण होतं.

देशभर होम-हवनं झाली, चंडीपाठ बसले, नवग्रह शांती झाल्या. पंतप्रधान नेहरूंनी हा प्रकार हसण्यावारी नेला. शेजारच्या ब्रह्मदेशात पंतप्रधान ऊ नू यांनी संकट टळावं म्हणून जनावरं आणि पाखरं सोडून देण्याचं पुण्यकर्म केलं. मुरबाडजवळच्या म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. त्या वर्षी ती पौर्णिमा २० जानेवारीला होती, अष्टग्रहीच्या जेमतेम दोन आठवडे आधी. म्हशाला लोक खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला येतात, घोंगड्या आणि अवजारं घेतात, आणि मुख्य म्हणजे बैल बघतात. जानेवारीत घेतलेला बैल चिखलणीला जुंपायचा असतो जुलैत. एकाच पंधरवड्यात ज्या मुलखाच्या कानावर प्रलयाची तारीख पडते, त्याच मुलखात जुलैसाठी बैल विकत घेतला जातो. श्रद्धा आणि भाकीत यांच्यातलं अंतर समजून घ्यायचं असेल तर हे दोन व्यवहार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

६ फेब्रुवारी उजाडला. काही झालेलं नव्हतं.

पुढे जे झालं ते प्रलयापेक्षा जास्त विचार करण्यासारखं आहे. भाकीत खोटं ठरलं असं जाहीरपणे म्हणणारे ज्योतिषी शोधावे लागले. ‘एवढे यज्ञ झाले म्हणूनच टळलं’ हे उत्तर सर्वात आधी आलं आणि सर्वात जास्त टिकलं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तिसरी लोकसभा निवडणूक शांतपणे पार पडली. २ मार्चला ब्रह्मदेशात लष्कराने ऊ नू यांची सत्ता उलथवली, आणि २० ऑक्टोबरला चीनने हिमालयात हल्ला केला. मग, ‘अष्टग्रहीचं फळ उशिरा मिळालं’ असं म्हणणारेही निघाले. तीन दिवसांचं भाकीत नऊ महिन्यांवर ताणलं गेलं. इतकं ताणलं तर कोणतंही भाकीत खरं ठरतं, कारण नऊ महिन्यांत जगात कुठे ना कुठे काहीतरी वाईट घडतंच.

यज्ञामुळे टळलं, या उत्तरात श्रद्धावानाची एक खरी भावना आहे, ती बाजूला सारता येत नाही. आपण केलेल्या प्रार्थनेला काही अर्थ आहे, देव ऐकतो, ही ती भावना. पण तर्काच्या बाजूने पाहिलं तर या उत्तराने भाकिताला हरण्याची वाटच उरत नाही. संकट आलं तर ज्योतिषी खरा, नाही आलं तर यज्ञ खरा. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, अमरावतीच्या सीमेपलीकडे, २००५ मध्ये असंच घडलं. कुंजीलाल मालवीय नावाच्या वृद्ध ज्योतिषाने २० ऑक्टोबरच्या दुपारी आपण मरणार असं जाहीर केलं. दूरचित्रवाणी वाहिन्यांनी गावात तळ ठोकून ते थेट दाखवलं. दुपार सरली, मालवीय जिवंत होते. त्या दिवशी करवा चौथ होती आणि पत्नीच्या उपवासाने आपले प्राण वाचले, असं त्यांनी सांगितलं. त्या घरापुरतं बोलायचं तर यात वाईट काय झालं? नवरा वाचला, बायकोच्या उपवासाचा मान वाढला. मात्र पुढच्या वेळी कुणी तारीख सांगितली, तर ती तपासायची कशी, याचं उत्तर गावाला मिळालं नाही.

खरं तर आपल्याकडच्या धर्मांनी जगाच्या शेवटाची तारीख फार लांब ठेवली आहे. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, आणि परंपरेच्या गणिताने ते इसवी सनपूर्व ३१०२ मध्ये सुरू झालं. त्यातली पाच हजारांवर वर्षं सरली आहेत. शहापूरच्या मानस मंदिरात दर्शनाला येणाऱ्या जैन भाविकाच्या कालगणनेत सध्याचा पाचवा आरा २१,००० वर्षांचा आहे, त्यातलीही अठरा हजारांहून जास्त वर्षं बाकी आहेत. जिथे शेवट इतका दूर आहे, तिथे तो खोटा ठरण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रलयाची घबराट पसरते ती धर्मग्रंथांतून कमी आणि पंचांगाच्या, वर्तमानपत्राच्या, आता मोबाइलच्या वाटेने जास्त. १९७९ च्या जुलैत तर अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार म्हणून गावोगाव लोक धास्तावले होते. वजन सुमारे ७७ टन, कुठे पडेल ते सांगता येईना. उद्याचा भरवसा नाही म्हणून कोंबड्या-बकरी कापून खाल्ल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. ११ जुलैच्या रात्री तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. त्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडे आवणीची घाई असते.

ख्रिस्ती जगात गोष्ट वेगळी आहे. तिथे शेवट जवळ असू शकतो, नव्हे, त्याची वाट पाहणं हाच धर्माचा भाग. अमेरिकेतला विल्यम मिलर हा बाप्टिस्ट शेतकरी. बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथातल्या २,३०० दिवसांना त्याने वर्षं मानलं, मोजणी इसवी सनपूर्व ४५७ पासून धरली आणि येशूचं पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल असं सांगितलं. ते वर्ष गेलं. मग त्याच्या चळवळीतून २२ ऑक्टोबर १८४४ ही नेमकी तारीख पुढे आली. हजारो लोकांनी ती मानली. न्यू हॅम्पशायरमधल्या एका शेतकऱ्याने शेतातले बटाटे काढलेच नाहीत, कारण येशू येणार तर बटाटे कशाला काढायचे. २३ ऑक्टोबरला सकाळी माणसं रडत होती. या दिवसाला इतिहासात ‘महाभ्रमनिरास’ असंच नाव पडलं. मिलरने आपली चूक उघडपणे मान्य केली, मात्र येशू लवकरच येईल ही आशा त्याने १८४९ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही.

बहुतेक जण पांगले. थोडे उरले त्यांच्यात दुसऱ्या दिवशीच एक नवा अर्थ रुजला. तारीख बरोबर होती, घटना चुकीची समजली गेली. त्या दिवशी जे घडलं ते पृथ्वीवर नव्हे, स्वर्गातल्या मंदिरात घडलं. हे उत्तर कुणालाही तपासता येत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाला ते पळवाट वाटतं. पण या मूठभर लोकांनी पुढे काय केलं ते पाहायला हवं. त्यांनी शनिवार हा विश्रांतिवार मानून पाळायला सुरुवात केली, मांसाहार आणि दारू-तंबाखूपासून दूर राहण्याची शिस्त लावून घेतली, दवाखाने आणि शाळा काढल्या. १८६३ मध्ये त्यांचा सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा पंथ रीतसर स्थापन झाला. आज जगात त्याचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत. पुण्यातलं सॅलिसबरी पार्क या पंथाच्या होमर सॅलिसबरी या प्रचारकाच्या नावाने ओळखलं जातं. तो १९१५ च्या डिसेंबरात भूमध्य समुद्रात बोट बुडून वारला. पंथाचं स्पायसर कॉलेज १९४२ पासून पुण्यात आहे आणि आता विद्यापीठ झालं आहे. खोट्या ठरलेल्या एका तारखेच्या राखेतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत महाराष्ट्रातली कितीतरी मुलं शिकून गेली, त्यांतल्या अनेकांना २२ ऑक्टोबर १८४४ ची माहितीही नसेल.

इथे एक गोष्ट लक्षात येते. एकदाच येणारी तारीख हुकली, तेव्हा या लोकांनी दर आठवड्याला येणारा दिवस धरला. शनिवार दर आठवड्याला येतोच, तो फसत नाही.

याच गोष्टीचं सर्वात स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतच आहे, आणि त्याकडे मराठी वाचकाने अजून नीट पाहिलेलं नाही. मेहेरबाबा, मूळचे मेरवान शेरियार इराणी, पुण्यात २५ फेब्रुवारी १८९४ ला जन्मलेले. पुण्याच्या हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, नागपूरचे ताजुद्दीन बाबा आणि केडगावचे नारायण महाराज यांना ते आपले सद्गुरू मानत. १० जुलै १९२५ पासून नगरजवळच्या मेहेराबादला त्यांनी मौन धरलं. योग्य वेळी मी मौन सोडीन, तो एक शब्द साऱ्या जगाच्या अंतःकरणात पोचेल, असं ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून सांगत. वेळ अनेकदा ठरली. १९३२ मध्ये १३ जुलैला अमेरिकेतल्या हॉलिवूड बोलच्या मोठ्या खुल्या रंगमंचावर ते बोलणार होते, तो कार्यक्रम रद्द झाला. नंतरही वेळा आल्या आणि गेल्या.

मग १९५४ आलं. ३० सप्टेंबरला मेहेराबादमध्ये, देशी आणि परदेशी शिष्यांसमोर, बाबांनी आपलं ‘अंतिम घोषणापत्र’ वाचून दाखवायला सांगितलं. त्यात मौनभंग होता, आपली मानहानी आणि मग गौरव होता, जगाचा तीन चतुर्थांश भाग नष्ट होईल असं होतं, आणि आपण देह ठेवू असंही होतं, तेही थोड्याच महिन्यांत. आठवडाभरात, ७ ऑक्टोबरला, त्यांनी अक्षरफळाही सोडला आणि फक्त हातवाऱ्यांनी सांगू लागले. शिष्यांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते. ज्याला देव मानलं तो आपण जाणार म्हणतोय, आणि बरोबर अर्धं-पाऊण जगही. नोव्हेंबरात बाबांनी खुलासा दिला. घोषणेतल्या काही गोष्टी तुमच्या भाषेत होत्या, काही माझ्या स्वतःच्या भाषेत, आणि माझ्या भाषेतला अर्थ तुम्हाला कळणार नाही, असा त्याचा आशय होता.

त्याच शरद ऋतूत, सातासमुद्रापलीकडे शिकागोजवळ डोरोथी मार्टिन नावाची बाई परग्रहावरून आपल्याला संदेश येतात असं सांगत होती. २१ डिसेंबर १९५४ ला महापूर येईल आणि त्याआधी तबकडी येऊन आपल्या माणसांना घेऊन जाईल, असा संदेश होता. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपली माणसं तिच्या गटात गुपचूप शिरवली. पूर आला नाही, तेव्हा गटाने आपल्या प्रार्थनेने पूर टळला असं जाहीर केलं आणि उलट जास्त जोमाने प्रचाराला लागले, असं फेस्टिंजर यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. जगभरच्या मानसशास्त्राच्या वर्गांत हे उदाहरण शिकवलं गेलं. या अभ्यासावर आक्षेप फार जुने आहेत. लहानशा गटात अभ्यासकांचीच माणसं इतकी होती की गटाच्या वागण्यावर त्यांचा परिणाम झाल्याशिवाय राहणार नव्हता. भाकीत फसल्यावर माणसं हटकून अधिक कट्टर होतात, हा नियम त्या एका घरातल्या गोंधळातून काढणं धाडसाचं होतं.

नगरकडे पाहिलं तर फेस्टिंजर यांचा नियम इथे लागू पडत नाही, हे दिसतं. मेहेरबाबांच्या अनुयायांनी १९५५ च्या वसंतात जास्त आक्रमक प्रचार सुरू केल्याची गोष्ट नाही. काही जण दूर गेले, बरेच राहिले. राहिलेल्यांना विचारलं तर उत्तर बहुधा असं येतं, की आम्ही बाबांकडे तारखेसाठी आलोच नव्हतो. हे उत्तर सोयीचं आहे, पण खोटं नाही. त्याची परीक्षा १९६९ मध्ये झाली. ३१ जानेवारी १९६९ ला नगरजवळच्याच मेहेराझादला बाबांनी देह ठेवला. मौन सुटलं नव्हतं. त्यांचा देह मेहेराबादच्या टेकडीवर समाधीत ठेवला, आणि ७ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे पारशी पंचांगातल्या त्यांच्या जन्मदिवसापर्यंत, उघडा दर्शनाला राहिला. त्यानंतर पुण्यात गुरुप्रसाद बंगल्यात एप्रिल ते जून असं त्यांचं दर्शन आधीच ठरलेलं होतं. दर्शन देणारा गेला होता. शिष्यांनी ते रद्द केलं नाही. १० एप्रिल ते १० जून या काळात देश-परदेशातून माणसं आली आणि बाबांच्या आसनापुढे वाकून गेली.

ही घटना नीट पाहावी अशी आहे. तीन चतुर्थांश जग नष्ट होईल हे शब्दशः झालं नाही. मौनभंगाची वाट पाहण्यात अनेकांची अख्खी तारुण्यं गेली, आणि तो शब्द कुणाच्या कानावर पडला नाही. तरी रिकाम्या आसनापुढे रांग लागली. आज १० जुलै हा दिवस अनुयायी मौनदिन म्हणून पाळतात, चोवीस तास बोलत नाहीत. ३१ जानेवारीला मेहेराबादला अमरतिथी असते. दुपारी बारा ते सव्वाबारा हजारो माणसं गप्प बसतात. बाबांनी जे मौन सोडायचं म्हटलं होतं, ते आता त्यांच्या माणसांनी वर्षातून एकदा आपल्याकडे घेतलं आहे. ज्या दिवशी शब्द येणार होता त्या दिवसाची वाट संपली, आणि जो दिवस दरवर्षी येतो त्याची सुरू झाली.

अष्टग्रहीचं तसं झालं नाही. ३ फेब्रुवारी हा दिवस कुणी पाळत नाही. त्यामागे कुणी माणूस नव्हता, ज्याच्या प्रेमात लोक पडावेत. मंडळी नव्हती, आठवड्याची उपासना नव्हती. होती ती फक्त भीती, आणि ती गेली तशी सगळं विरलं. टिकलेल्या आणि विरलेल्या भाकितांत फरक पडतो तो इथे. तारीख खरी ठरली की खोटी, यापेक्षा तारखेच्या आजूबाजूला रोजच्या जगण्यात काय होतं, हे जास्त महत्त्वाचं. १९२२ च्या सुमारास ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, पालघरकडच्या कोळ्यांत, देवी अंगात येऊ लागली. दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, नाही तर संकट येईल, अशा तिच्या आज्ञा होत्या. ही लाट डोंगरातल्या आदिवासींत गेली आणि डांगमार्गे दक्षिण गुजरातपर्यंत पोचली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिच्यावर ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे पुस्तक लिहिलं आहे. संकट आलं नाही तेव्हा गुजरातेतल्या चौधरी आदिवासींत दोन तट पडले. एका तटाने पुन्हा दारू-मांस सुरू केलं. दुसऱ्याने देवीच्या आज्ञा तशाच धरून ठेवल्या, आणि पुढे गांधींच्या चळवळीत शिरलेले बरेच जण याच तटातले. देवीचं भाकीत गेलं, देवीची आंघोळ राहिली.

हे सगळं समजून घेतल्यावरही एक हिशेब बाकी राहतो, आणि श्रद्धेविषयी जिव्हाळा असलेल्या माणसाने तो टाळू नये. तारीख सांगणारा आणि तारखेपायी खर्च करणारा हे बहुधा वेगळे असतात. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ-प्रवचनकाराने २१ मे २०११ ला कयामत येईल असं सांगितलं. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने जाहिरातींवर जन्माच्या बचतीतले सुमारे १,४०,००० डॉलर घातले. मे टळला, मग कॅम्पिंग यांनी २१ ऑक्टोबर धरली. तीही टळली, आणि मार्च २०१२ मध्ये त्यांनी तारीख सांगणं हे आपलं पाप होतं अशी कबुली दिली. कबुली दिली हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. पण त्या माणसाचे पैसे गेले ते गेलेच.

आपल्याकडे कबुलीचीही पद्धत नाही. २०११ मध्ये सत्यसाईबाबा गेले तेव्हा ते ८४ वर्षांचे होते, आणि आपण ९६ व्या वर्षी देह ठेवू असं त्यांनी सांगितलेलं होतं. भक्तांनी नक्षत्रमासांनी वर्षं मोजून हिशेब जुळवला. फलज्योतिषाच्या बाबतीत पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये एक साधी कसोटी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या २०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायचं होतं. सरासरी सुमारे ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. यानंतर पत्रिका पाहणं कमी झालं असं कुणी म्हणणार नाही. लोक पत्रिका घेऊन जातात ते लग्न जमवायला, मुलाच्या नोकरीची काळजी कुणाला तरी सांगायला. तिथे टक्के मोजणारा कुणी नसतो. तरी ती कसोटी घेणं आणि तिचा निकाल छापणं हे धर्माच्याही बाजूने केलेलं काम आहे, कारण भीतीचा धंदा श्रद्धेच्या नावाने चालतो तेव्हा बदनाम श्रद्धा होते.

आणि एक नुकसान असं आहे, जे पैशात मोजता येत नाही. मुरबाडच्या खोपिवलीकडून आहुपे घाट चढून गेलं की पलीकडे आंबेगाव तालुका लागतो, आणि त्याच बाजूला माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि महादेव कोळ्यांचं ते गाव गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर बातमी कळली. माळीणसाठी कुणी तारीख दिली नव्हती. पाऊस कोसळत होता, उतार ओला होऊन जड झाला होता, एवढीच काय ती सूचना. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरलं, त्याचीही तारीख कुणाच्या पंचांगात नव्हती. महाराष्ट्रातल्या माणसांना प्रलय म्हणजे काय ते असं ठाऊक आहे. जगाच्या शेवटाची खोटी तारीख दहा वेळा ऐकून कान बधिर झाले, की उतारावर पडलेली भेग सांगायला आलेल्या माणसाचंही ऐकलं जात नाही.

शहापूर-मुरबाड तालुक्यांत भाकिताचा आणखी एक प्रकार लोकांनी भोगला आहे. तानसा, मोडकसागर, भातसा यांचं पाणी मुंबईला जातं. ती धरणं बांधताना गावं पाण्याखाली गेली, ती सही-शिक्क्याच्या नोटिशीने. ती भाकितं खरी झाली. मुरबाडमधल्या काळू नदीवरच्या धरणाचं काम मात्र २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवलं. बुडणार म्हणून सांगितलेलं गाव बुडत नाही, तेव्हा तिथल्या माणसाने काय करायचं? कौलं शाकारायची की नाही, विहीर खणायची की नाही, मुलीला याच गावातून सासरी पाठवायचं धरायचं की नाही? तारीख कुणीही दिलेली असो, ज्योतिषाने वा सरकारने, ती टळल्यावर खाली राहणाऱ्याच्या वाट्याला हे प्रश्न येतात.

या भागात उन्हाळ्यात आणि कार्तिकानंतर गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस अख्खं गाव एका मांडवात असतं, आणि काल्याच्या कीर्तनाला तर वाडीवस्तीवरचेही येतात. कीर्तनकाराइतका कान गावात दुसऱ्या कुणालाच मिळत नाही. वारकरी परंपरेला तारखेच्या भाकितांची गरज कधी पडली नाही, तिची एकादशी दर पंधरवड्याला येते. शकुन सांगणाऱ्यांविषयीची आपली नापसंती तुकोबांनी अभंगात स्पष्ट लिहून ठेवली आहे. मोबाइलवर अमुक तारखेला तमुक होणार असा संदेश फिरू लागला, की त्या मांडवातूनच त्याचं नाव घेऊन बोललं जावं, आणि ती तारीख टळली की पुढच्या सप्ताहात पुन्हा नाव घेऊन सांगितलं जावं, की ही टळली. १९६२ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. अष्टग्रहीच्या त्या तीन दिवसांत घरात काय काय केलं, कोणती शांती केली, तिला किती खर्च आला, कोण घाबरलं आणि कोण नाही, आणि ६ तारखेला कुणी काय सांगितलं, हे त्यांना मांडवात बसवून विचारता येईल, आणि शाळेतल्या मुलांकडून लिहून घेता येईल.